ओल्या दुपट्ट्यातली डबी

लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेली बाई हमखास विचारते, "तुमी काय करता?" मी सांगते, "छतं तपासते." मग ती वर मंडपाकडे बघते आणि थोडी माझ्यापासून सरकून बसते. भिलाईत माणूस एकतर स्टील प्लांटमध्ये असतो, नाहीतर रेल्वेत, नाहीतर मास्तर. बांधकामाच्या सामानावर संशोधन करणारी बाई ही जात कोणाच्या हिशेबात बसत नाही. माझ्या सासूबाईंनी शेवटपर्यंत लोकांना "सून बँकेत आहे" असंच सांगितलं. मीही कधी खोडलं नाही.

काम खरं सोपं आहे. वीजघराची राख आणि भट्टीतून निघणारी धातुमळी, म्हणजे स्लॅग, यांचे आमच्याकडे डोंगर आहेत. त्यांच्या विटा करता येतील का, रेतीच्या जागी स्लॅग चालेल का, आणि घर असं बांधता येईल का की उन्हाळ्यात माणूस आत बसू शकेल, एवढंच आम्ही शोधत होतो. याला हल्ली हरित वास्तुकला म्हणतात. आम्ही सुरू केलं तेव्हा त्याला 'ते राखवाले' म्हणत.

आमच्या प्रयोगशाळेत वीट दाबून फोडायचं मशीन होतं. ठेकेदार विटा घेऊन यायचे. एक तर उशीच्या खोळीत घालून दोन विटा घेऊन आला, धक्का लागू नये म्हणून. वीट अशी गुळगुळीत की तिला न्हाऊ घातल्यासारखी. मशीननं ती पास केली. त्याच ठेकेदाराची भिंत पुढच्या पावसाळ्यात फुगली. त्या दिवसापासून मी ठरवलं, कोणी आणलेली वीट तपासायची नाही. आपण जायचं आणि ढिगाच्या मधली, खालची, कोपऱ्यात पडलेली वीट स्वतः उचलायची. ठेकेदार म्हणायचे, "मॅडम, वो वाली क्यों? उसको तो कोई देखता भी नहीं." मी म्हणायची, "म्हणूनच." ही अक्कल मला विटांच्या बाबतीत फार लवकर आली. माणसांच्या बाबतीत ती यायला बरीच वर्षं लागली, त्याचीच ही गोष्ट आहे.

त्याआधी एक गिऱ्हाईक सांगून टाकते, नाहीतर राहून जाईल. वैशाली नगरातले एक गृहस्थ नकाशा घेऊन आले. त्यांना पश्चिमेची अख्खी भिंत काचेची हवी होती, कारण त्यांच्या साळ्यानं रायपूरला तशी केली होती. मी म्हटलं, "भाऊ, पश्चिमेचं ऊन आहे, आत भाजून निघाल." ते म्हणाले, "एसी लावू ना." मी म्हटलं, "मग माझ्याकडे कशाला आलात?" ते म्हणाले, "ग्रीनचं सर्टिफिकेट पाहिजे." दीड उन्हाळ्यानंतर ते परत आले, पडदे कोणत्या कापडाचे लावावेत ते विचारायला. पडद्यांचं संशोधन आमच्याकडे होत नाही, असं मी त्यांना अगदी नम्रपणे सांगितलं.

आता मुद्द्याचं.

माझे बाबा कोक ओव्हनमध्ये होते. दगडी कोळसा भाजून कोक करायच्या भट्ट्या एकाला एक लागून उभ्या असतात, त्या रांगेला बॅटरी म्हणतात. बाबांची ड्यूटी बॅटरीच्या टॉपवर, म्हणजे भट्ट्यांच्या डोक्यावर. तिथं जोड्याचा रबरी तळ वितळतो, म्हणून टॉपवरची माणसं लाकडी तळाचे जोडे घालतात. सेक्टर २ च्या आमच्या क्वार्टरमध्ये ते जोडे दाराशी असत. आम्ही पोरं ते घालून टकटक चालायचो. बाबा मे महिन्यात पंखा न लावता झोपत. आम्ही तक्रार केली की म्हणत, "हे काय गरम हाय का? एक बार टॉपवर ये, मग सांग."

बाबा रिटायर व्हायच्या सुमारास त्यांनी आणि कॅम्प-१ वस्तीतल्या काही कामगारांनी मिळून एक सोसायटी काढली. शहराच्या कडेला चोवीस घरं, बारा-बाराच्या दोन ओळी. बहुतेक सगळे आपले भंडारा-गोंदियाकडचे, जवळपास सगळे कोक ओव्हनचे नाहीतर ब्लास्ट फर्नेसचे. बाबा सेक्रेटरी. त्यांनी मोठ्या ऐटीत आमच्या प्रयोगशाळेला पत्र दिलं, की छत कसं घालावं याचा सल्ला द्यावा. पत्र मलाच लिहिलं होतं आणि 'महोदय' म्हणून सुरुवात केली होती.

साधा सिमेंटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि संध्याकाळपर्यंत ते खालच्या माणसाच्या डोक्यावर सोडत बसतो. त्यावर उपाय जुना आहे. स्लॅबवर मातीची मडकी उपडी मांडायची, मधल्या फटीत स्लॅग आणि चुना भरायचा, वर पांढऱ्या फरशीचे तुकडे. मडक्यातली हवा ऊन खाली येऊ देत नाही. पण त्याचं वजन पडतं, म्हणून स्लॅबच्या सळ्या आधीच जास्त घालाव्या लागतात. एकदा काँक्रीट ओतलं की मग सुचून उपयोग नाही.

मडकी हवीत की साधा स्लॅब चालेल, हे ठरवायला आम्ही सर्वेक्षण केलं. आमचा एक छापील फॉर्म होता. वर 'घरप्रमुखाचे नाव', खाली 'इतर सदस्य', आणि मग प्रश्न: या क्षणी आपणास घरात कसे वाटते? खूप थंड, थंड, थोडे थंड, ठीक, थोडे गरम, गरम, खूप गरम. एकावर खूण करा. पहिल्या ओळीत ज्यांना घरं मिळणार होती त्यांच्याकडे, कॅम्प-१ मध्ये, मी स्वतः घरोघरी फिरले. मे महिना, रविवार, दुपारचे दोन. सगळ्यांची घरं साध्या स्लॅबचीच, माझ्या पदराला पिळलं तर पाणी निघेल अशी अवस्था. दारात घरप्रमुख बनियनवर बसलेले.

"काका, घरात कसं वाटतं?"

"मस्त."

"गरम नाही होत?"

"गरम?" काका हसले. "अवो मॅडम, फर्नेसवर तीस साल काढले. हे तं एसी हाय आमाले."

आणि खूण 'ठीक'वर. तिघांनी तर 'थोडे थंड'वर केली. आमच्या बाबांनी आपल्या क्वार्टरात बसून 'थंड'वर केली, आणि खाली इंग्रजीत सही. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता, चुलीवरची कढई, पोरांची रडारड, सगळं ऐकू येत होतं. फॉर्ममध्ये त्याला जागा नव्हती. मी एकाही घरात आत गेले नाही. मला चहा मात्र प्रत्येक दारात मिळाला, आणि तो पदरानं घाम पुसत बायकांनीच आणून दिला.

रिपोर्ट माझ्या सहीनं गेला: रहिवासी समाधानी आहेत, साधा स्लॅब पुरेसा आहे. सोसायटीला आनंद झाला. मडक्यांच्या ऐवजी त्यांनी मोठं लोखंडी गेट केलं. आमच्या विभागप्रमुखांना, त्यांना सगळे सरच म्हणायचे, माझ्याहून जास्त आनंद झाला. त्यांनी या रिपोर्टवर एका परिषदेत पेपर वाचला, की इथले लोक उष्णतेशी कसे विलक्षण जुळवून घेतात. टाळ्या पडल्या म्हणे.

पहिली ओळ झाली. क्वार्टर सोडून आई-बाबा हिवाळ्यात सात नंबरच्या घरात राहायला गेले. घर तयार झालं की वर्षभर आत उष्णता मोजायची, हा आमचा नियम. त्यासाठी एक डबी असते, काडीपेटीहून थोडी मोठी. भिंतीवर टांगायची, ती दर तासाला आपली आपण नोंद घेते. कोणी टांगू देईना, म्हणून मी ती आईच्या घरात टांगली. आईला सांगितलं, "ही ऑफिसची आहे, सांभाळ." तेवढंच सांगितलं. काय मोजते, कशासाठी, हे सांगायचं मला सुचलं नाही.

मी रविवारी संध्याकाळी जायची आणि नोंदी उतरवून घ्यायची. नोंदी फार चांगल्या होत्या. एप्रिलच्या भर दुपारी, बाराला, घर थंड व्हायला लागायचं. मग हळूहळू वर चढायचं आणि तीनला पुन्हा थंड. रोज. सरांना आलेख दाखवला तर ते खुश झाले. "देखा? क्रॉस व्हेंटिलेशन." त्यांनी फोटोकॉपी काढून घेतली. मला थोडं विचित्र वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. वारा घड्याळ बघून येत नाही. पण आपला रिपोर्ट खरा ठरत असेल तर माणूस फार खोलात शिरत नाही.

त्याच दिवसांत बाबांचा फोन आला. "तुही माय लय धार्मिक झाली."

"म्हणजे?"

"रोज दुपारी विहारात जाऊन बसते. बारा वाजले का निघाली. ते तं ते, आपल्या ओळीतल्या साऱ्या बाया जातात. वंदना करून राहिल्या, ग्रंथवाचन करून राहिल्या. मी तं खुश हाव. म्हातारपणी अक्कल आली."

कॉलनीच्या टोकाला जुना बुद्धविहार होता. उंच कवेलूचं, म्हणजे कौलांचं, छत, चारी बाजूंनी खिडक्या, दारात कडुनिंब. बाबा त्याच्याही कमिटीवर होते. मला आईचं कौतुक वाटलं. आयुष्यभर चुलीतून डोकं वर न काढलेली बाई आता दोन घटका शांत बसते, बरंच झालं.

मे महिन्यात दुसऱ्या ओळीच्या छतांना सेंट्रिंगच्या फळ्या लागल्या. सळ्या बांधून तयार, आठ दिवसांत स्लॅब पडणार होता. साइट बघायला मी गेले ती बुधवारी, दुपारी साडेबाराला, आणि पाणी प्यायला आईच्या घरी शिरले. दार नुसतं लोटलेलं. आत पाऊल टाकलं तर वरून कोणी निखारे धरल्यासारखं झालं. घरात कोणी नाही. भिंतीवर माझी डबी होती, आणि तिला बाबांचा खांद्यावरचा दुपट्टा ओला करून नीट गुंडाळलेला. खाली थेंबांचं पाणी साचू नये म्हणून वाटी ठेवलेली.

मी विहारात गेले. आत पंधराएक बायका. समोरच्या दोघी वाचत होत्या. बाकीच्या फरशीला पाठ लावून आडव्या. आई खांबाला टेकून डोळे मिटून बसली होती, आणि चेहरा ध्यानाचा नव्हता, सुटल्याचा होता.

"आई, त्या डबीला ओलं फडकं कोणी गुंडाळलं?"

"मी." ती जागी होऊन म्हणाली. "लय तपून राहिली होती बिचारी. हात नाई लावता येत. मनलं तुह्या ऑफिसची चीज, खराब झाली तर तुले बोलतीन. बाराले जातानी गुंडाळते. तीन वाजता वाळते तं मंग पुन्हा जाऊन ओलं करते. सांजीले काढून ठेवते."

"एवढ्या उन्हात घरी जातेस? डबीसाठी?"

"तुनंच तं सांगतलं, सांभाळ."

मी तिथंच खाली बसले. सरांचं क्रॉस व्हेंटिलेशन म्हणजे माझी आई होती. माझ्या डबीला ऊन लागू नये म्हणून ती रोज भर उन्हात दोन फेऱ्या मारत होती, आणि ती स्वतः त्या घरात बसू शकत नाही हे मला सांगावं असं तिला एकदाही वाटलं नव्हतं. मला फार लाज वाटली.

"आई, मग मला सांगितलं का नाहीस, घर तापतं म्हणून?"

"तुनं इचारलं कवा?"

मी दुसऱ्या दिवशी सरांकडे गेले आणि म्हटलं, रिपोर्ट मागे घ्यायचा आहे. सर म्हणाले, "कौन सा?" मी सांगितलं. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. पेपर छापून झाला होता. ते म्हणाले, "देखो, लोगों ने खुद टिक किया है. हमने थोड़े ही किया?" हे खरं होतं. मी गप्प बसले असते तर कोणाला कळलंही नसतं. दुसऱ्या ओळीतल्या बारा घरांतल्या बायकांना कळलं असतं, पण त्यांना कोण विचारतंय? विचारणारी मीच होते. मी म्हटलं, "सर, मी ठेकेदारानं आणलेली वीट तपासली." सरांना काही समजलं नाही. पण "तुम्हारी मर्जी, तुम्हारी साइन," एवढं म्हणून त्यांनी मला मोकळं केलं. फॉर्मवरचं 'घरप्रमुख' काढून टाकू का, असंही मी विचारलं. ते म्हणाले, फॉरमॅट ऊपर से आया है.

स्लॅब पडायला पाच दिवस उरले असताना सोसायटीची सभा झाली, गेटजवळ, कापडी मंडपात. पुढे खुर्च्यांवर घरप्रमुख, मागे सतरंजीवर बायका. मी उभी राहून सांगितलं, की माझा रिपोर्ट चुकला आहे, दुसऱ्या ओळीच्या सळ्या बदला आणि मडकी घाला.

सगळ्यात आधी बाबाच उठले. सेक्रेटरी ना. "मॅडम," ते मला म्हणाले, भर सभेत, "तुमी पयले लिवलं ठीक हाय. आता मन्ता गरम हाय. आमी कोणतं खरं धरावं? आमी सह्या केल्या. आमी काय खोटं बोललो?"

"नाही बाबा, तुम्ही खरंच बोललात. तुम्हाला खरंच गरम होत नाही. मी चुकीच्या माणसांना विचारलं."

पुढच्या खुर्च्यांमध्ये कुजबुज सुरू झाली. चुकीची माणसं म्हटल्याचा राग आला होता. ब्लास्ट फर्नेसचे एक काका म्हणाले, "बाया कदी काही बोलल्या नाई. त्रास असता तं बोलल्या असत्या."

तेव्हा मागून आई उठली. माझी आई सभेत कधी बोललेली मी ऐकली नव्हती, घरातही फारशी नाही.

"मले कोनं इचारलं?" ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "तुमाले इचारलं. तुमी आठ घंटे प्लांटमधी होते, मंग गेटवर, मंग पानठेल्यावर. घरात मी होती. पोरगी कागद घेऊन दारात आली, चहा पेली, गेली. मले कोनं इचारलं, सुमन, तुले गरम होते का?"

मग सतरंजीवरच्या एकेक उठल्या. कोणी म्हणाली नातवाच्या अंगावर पुरळ आलं, कोणी म्हणाली स्वयंपाक पहाटेच आटपते. एक म्हातारी म्हणाली, "विहारात तं आमी थंडाव्यासाठी जातो बाप्पा, भगवान माफ करो." विहार कमिटीचे तीन सभासद पुढच्या रांगेत होते. त्यांची तोंडं बघण्यासारखी झाली. बाबा खाली बसले. ठराव पास झाला, आणि दुसऱ्या ओळीच्या सळ्या बदलल्या.

पहिल्या ओळीचं मात्र होऊ शकलं नाही. त्या छतांना मडक्यांचं वजन पेललं नसतं. हिशेब मी चारदा केला, दुसऱ्याकडून करून घेतला, उत्तर तेच. तिथं फक्त पांढरा चुना मारायचा आणि वर बांबूच्या तट्ट्यांची सावली करायची, एवढंच शक्य होतं. म्हणजे ज्यांनी मला चहा पाजला त्यांना अर्धंमुर्धं मिळालं आणि ज्यांना मी ओळखतही नव्हते त्यांना पुरं. त्यात माझी आईही अर्ध्यातच. हे मला अजून टोचतं.

चुना मारायच्या दिवशी मी मजूर घेऊन गेले तर सात नंबरच्या छतावरून टकटक आवाज येत होता. शिडी चढून पाहिलं. बाबा एकटेच, हातात चुन्याची बादली आणि कुंचा, आणि पायात बॅटरीचे लाकडी तळाचे जोडे. रिटायर झाल्यापासून ट्रंकेत पडलेले, ते बाहेर काढले होते.

"बाबा, जोडे?"

"पाय भाजते," ते म्हणाले आणि पाठ फिरवून चुना मारत राहिले. त्यांच्याकडून मला यापलीकडे कधी काही ऐकायला मिळालं नाही, आणि मीही मागितलं नाही. पुढे दरवर्षी होळीनंतर ते स्वतः चुना मारायचे. बारा छतांना. मजूर लावू द्यायचे नाहीत. विहाराची गर्दी दुसऱ्या उन्हाळ्यात निम्म्यावर आली, तेव्हा मात्र मला फोन करून म्हणाले, "तुह्या चुन्यानं वंदना बंद पाडली." कमिटीतर्फे नोंद घ्यावी, असंही म्हणाले.

त्या उन्हाळ्यात मी पुन्हा सर्वेक्षणाला गेले. तोच फॉर्म, ऊपर से आलेला. यावेळी सगळ्यात आधी सात नंबरच्या स्वयंपाकघरात गेले, दुपारी दोनलाच. आई खाली बसून तांदूळ निवडत होती, घरात, आपल्या घरात. बाबा बाजूला चटईवर लवंडलेले. मी फॉर्म तिच्यापुढे ठेवला. तिनं हात पदराला पुसले आणि पेन घेतला. ती प्रौढांच्या वर्गात लिहायला शिकली, त्यामुळे प्रत्येक अक्षर विटेवर वीट ठेवल्यासारखं लिहिते.

प्रश्नाखाली तिनं 'थोडे गरम'वर खूण केली. मी म्हटलं, "आई, 'ठीक'वर नाही?"

"थोडं गरमच हाय," ती म्हणाली. "पयलेपेक्षा लय बरं. पन तुले खरं पाहिजे ना?"

मग ती वर गेली, कागदाच्या पहिल्या ओळीवर. बाबांनी एक डोळा उघडून पाहिलं. तिनं 'घरप्रमुखाचे नाव'समोर सुमनबाई असं लिहिलं, उकार-काना बघून घेतला, आणि खाली 'इतर सदस्य'समोर लिहिलं: एक.

बाबांनी डोळा मिटून घेतला.

त्या वर्षीच्या रिपोर्टला चोवीस घरं आणि तेवीस फॉर्म आहेत. सरांनी विचारलं होतं, एक कुठे गेला. मी म्हटलं, हरवला. वीस वर्षांच्या नोकरीत ऑफिसचा एवढाच एक कागद मी घरी आणला आहे.